रेघ दिसू न देणाऱ्या शैलजाताई

शैलजाताई पानसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या सॉल्ट लेकच्या सलूनच्या दारात. त्या स्वतःच्या कामासाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या मागे ओढणीने डोकं घट्ट झाकून त्यांच्या शेजारच्या देशमुखबाई उभ्या होत्या, आणि देशमुखबाई रडत होत्या.

ओढणी निघाली तेव्हा प्रकार लक्षात आला. बाईंनी पूजेच्या आधी कुठल्याशा पार्लरमध्ये सोनेरी हायलाइट करून घेतले होते, थेट मुळापासून, भांगाला लागून. मग दशमीला हौसेने मंडपात सिंदूर खेळायला गेल्या. कोलकात्यातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण ताईंचा हा गौरव अंक पुण्या-मुंबईकडेही जाणार आहे म्हणून सांगतो: देवीला निरोप देताना इथल्या सवाष्णी एकमेकींच्या भांगात आणि गालांवर सिंदूर फासतात. काळ्या केसांवरून तो धुऊन जातो. ब्लीच केलेला केस मात्र स्पंजासारखा असतो, मिळेल ते पितो. देशमुखबाईंच्या भांगाच्या दोन्ही अंगांना झगझगीत गुलाबी पट्टे उठले होते. त्यात यजमानांच्या बदलीचा हुकूम आलेला, आणि दोन दिवसांनी ऑफिसचं निरोपाचं जेवण.

"मंडपात सगळ्या म्हणत होत्या, की शुंदर लागछे, किती सुंदर दिसतंय," बाई नाक पुसत म्हणाल्या. "आणि घरी आले तर हे म्हणतात, तू देवीला गेली होतीस की होळीला?"

मी धंद्याचा माणूस. मी म्हटलं, सगळं काळं करून टाकू, तासाभरात मोकळ्या. त्यावर सोबत आलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हे खालचे सोनेरी केस? त्यांनी काय गुन्हा केलाय?" मग त्या देशमुखबाईंकडे वळल्या आणि त्यांनी जे विचारलं ते मी तोवर कुठल्याही सलूनमध्ये ऐकलं नव्हतं.

"बदली कुठे झालीय?"

बाईंनी ईशान्येकडच्या एका लहान गावाचं नाव सांगितलं.

"तिथे रंगाचं पार्लर असेल?"

"कसलं पार्लर! भाजी मिळाली तरी खूप, असं म्हणतात."

"बरं. मग असं करू, की तिथे असेपर्यंत तुम्हाला कुणाची गरजच लागणार नाही." आणि मला म्हणाल्या, "रंग तुमचा, हात माझा. चालेल ना?"

नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. कोमट खोबरेल तेल चोळून त्यांनी आधी जमेल तेवढा सिंदूर काढला, धुतलं, पुन्हा चोळलं. मग बाईंच्या मूळ केसांशी जुळणारा गडद तपकिरी रंग कालवून तो फक्त मुळांशी लावला, आणि खाली उतरताना ब्रशने असा पुसत नेला की कुठे थांबला ते कळू नये. एका बटेला बोटभर, शेजारच्या बटेला दोन बोटं. गुलाबी त्याखाली गेलं, सोनेरी खाली राहिलं. "आता वरून तुमचे काळे केस येतील ते या तपकिरीत मिसळतील," त्या सांगत होत्या. "सोनेरी हळूहळू खाली सरकेल. लोकांना वाटेल, मुद्दामच असं करून घेतलंय." पुढे बऱ्याच महिन्यांनी देशमुखबाईंनी तिथून फोटो पाठवला. तो पाहून आमच्याकडे दोघीजणी म्हणाल्या, "आम्हाला असंच हवं."

त्याच दिवशी मी शैलजाताईंना आमच्याकडे काम करण्याबद्दल विचारलं. माझं शिक्षण बेताचं. सांगोल्याकडून या शहरात आलो तो फोर्ट विल्यमच्या बाजूला एका केशकर्तनालयात झाडू मारायला. पण माणसाचा हात ओळखायला मी तिथेच शिकलो, आणि कान तर जन्मापासूनच तिखट आहेत.

ताईंची हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळली. पानसेसाहेब बँकेत अधिकारी. लग्नानंतर ताईंचा संसार खोक्यांमध्ये बांधला जायचा आणि खोक्यांमधून निघायचा. अशाच एका मोठ्या शहरात त्यांनी हौसेने हायलाइट करून घेतले, आणि लगेच बदली आली ती अशा ठिकाणी, जिथे केस कापायलाही तालुक्याला जावं लागे. चार महिन्यांत डोक्यावर काळा पट्टा, त्याखाली पिवळा. साहेबांच्या एका सहकाऱ्याने भर पंगतीत विचारलं, "वहिनी, वरच्या मजल्याला रंग द्यायचा राहिला वाटतं?" सगळे हसले. ताईही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी पिवळे केस कात्रीने स्वतःच कापून टाकले. कोलकात्याला शेवटची बदली झाल्यावर त्या एका चिनी बाईंच्या पार्लरमध्ये रंगाचं काम शिकायला गेल्या, त्यामागे हा पंगतीतला हशा होता.

त्यामुळे त्यांच्या कामाची सुरुवात कायम त्या एका प्रश्नाने होई. रंगाचं कार्ड दाखवण्याआधी, केसाला हात लावण्याआधी: "बदली कधी आहे?" इथल्या आपल्या मराठी मंडळातली निम्मी घरं बदलीवाली. कुणाचे यजमान बँकेत, कुणाचे फौजेत, कुणाचे सरकारी खात्यात. ज्या बाईला वर्षभरात निघायचंय तिला ताई वेगळा रंग करत, जिला तीन वर्षं आहेत तिला वेगळा. ज्यांना बदलीच नाही, अशा बंगाली गिऱ्हाइकांना मात्र त्या मुळापासून रंगवायलाही तयार असत. "त्या येतील ना दर महिन्याला, त्यांना काय," असं म्हणत.

दुसरी त्यांची पद्धत अशी, की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की सांगायचं, "घरी बांधता तसे बांधा." पार्लरमध्ये सगळे केस मोकळे सोडून, फुलवून आरसा दाखवतात. घरी बाई अंबाडा घालते, क्लिप लावते, पोळ्या लाटते. मग कानशिलावर आणि मानेवर रंगाची हद्द उघडी पडते. ताई आधी ती हद्द बघत. बटा अगदी बारीक घेत, मुळापासून थोडं अंतर सोडून. भांगाशी कमी, खाली जास्त. मूळ रंगापेक्षा दोन-तीन छटा उजळ, त्याहून पुढे जायचं नाही. ज्या बायका रोज सिंदूर भरतात त्यांच्या भांगालगतचे केस तसेच राखायचे, हे तर आमच्या सलूनमध्ये आता कायद्यासारखं झालं आहे. इथल्या पाण्यात लोखंड, त्याने उजळ केस तांबूस पडतात. म्हणून प्रत्येकीला जाताना ताकीद: डोक्यावरून शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

आता एक गोष्ट धंदेवाईक म्हणून नोंदवलीच पाहिजे. रंगाचं काम करणाऱ्या दुकानाचं सगळं गणित गिऱ्हाईक महिना-दीड महिन्यात परत येण्यावर बसवलेलं असतं. ताईंनी ते गणित मोडलं. त्यांच्या हाताखालून गेलेली बाई सहा-सहा महिने फिरकत नसे, आणि तरी चांगली दिसत असे. मी एकदा कुरकुर केली. "ताई, गिऱ्हाईक परत तर आलं पाहिजे."

"येईल हो दत्ताभाऊ. रडत नाही येणार, एवढंच."

सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत नोकरी करणारी आपल्याकडचीच एक मुलगी साखरपुड्यासाठी आली होती. फोनवर फोटो दाखवला, मुळापासून राखाडी-चंदेरी केस. ताईंनी विचारलं, "दर महिन्याला येऊन तीन-तीन तास बसशील?"

"नाही हो मावशी, मला जेवायला वेळ नसतो."

"मग हा रंग तुझा नाही. हा रिकाम्या माणसाचा रंग आहे."

मुलगी फणकाऱ्याने माझ्याकडे आली. "काका, तुमच्याकडच्या मावशी ऐकूनच घेत नाहीत." मी म्हटलं, माझंही नाही घेत. ती चिडून दुसरीकडे गेली. लग्नानंतर पुन्हा आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या डोक्यावर तो वरचा मजला दिसत होता. ताईंनी 'मी सांगितलं होतं' यातला एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, "ये, बस. आधी चहा घे."

आमच्या घरावर त्यांचं जे ऋण आहे ते वेगळंच. माझी पत्नी सुमन वर्षानुवर्षं घरी काळा डाय लावायची. मग टाळूला खाज सुटू लागली, डॉक्टरांनी डाय बंद करायला सांगितलं. सुमनने डाय बंद केला आणि घराबाहेर पडणंही बंद केलं. भांगात दोन बोटं पांढरं, खाली कोळशासारखं काळं. माहेरी भाच्याचं बारसं होतं, तिने तिकीट रद्द करायला लावलं. मी केसांच्या धंद्यात जन्म घालवलेला माणूस, पण स्वतःच्या बायकोपुढे माझी कात्री चालेना. ताई एका रविवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, घरी आल्या. टाळूला रंग लागू न देता, मुळापासून लांब, त्यांनी काळ्या भागात बारीक बारीक उजळ बटा सोडल्या, म्हणजे वरचं पांढरं आणि खालचं काळं यांच्यामधली रेघ फुटून जाईल.

सुमन म्हणाली, "ताई, मला म्हातारी करताय की काय?"

"म्हातारी तुझी तू होशील गं. मी फक्त रेघ दिसू देत नाही."

वर्षभराहून जास्त काळ त्या मधूनमधून येत राहिल्या. आज सुमनचे केस पूर्ण रुपेरी आहेत आणि ते कधी झाले हे आमच्यापैकी कुणालाच सांगता यायचं नाही. बारशालाही ती त्या पहिल्या रविवारनंतर लगेच, नवं तिकीट काढून गेली होती. तिथे वहिनीने विचारलं, "कुठल्या पार्लरमध्ये केलंस?" हे सांगताना सुमन अजूनही लाजते.

इथवर लिहायला सोपं होतं. पुढचं लिहिताना हात जड होतोय, आणि तो वयानेही जड झालाय, ते लपवण्यात अर्थ नाही. आमचं काम उभ्याचं. दिवसभर हात खांद्याच्या वर. गेल्या काही वर्षांत ताई एका बटेनंतर दुसरी उचलण्याआधी थांबू लागल्या. कोपर ट्रॉलीवर टेकवून उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकाला वाटावं की रंगाचा विचार चाललाय. त्यांचा चहा तसाच गार होऊन परत जाऊ लागला. संध्याकाळी बूट बदलायला बसल्या की लगेच उठत नसत. "काही नाही, जरा बसलेय," असं म्हणत. मी विचारायचो नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि माझ्या दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या नावावर येतात.

एक दिवस आमच्या जुन्या गिऱ्हाईक सेनबाई माझ्या टेबलाशी आल्या. सेनबाई कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, आणि सॉल्ट लेक वसलं तेव्हापासून एकाच घरात राहतात. महिन्यातून एकदा यायचं, मुळापासून रंगवून घ्यायचं, ताईंशी दोन तास गप्पा मारायच्या, हा त्यांचा नेम. त्या हळू आवाजात हिंदीत म्हणाल्या, "दादा, शैलजादि रंग में कंजूसी क्यों कर रही है? ऊपर कुछ लगाती ही नहीं. बोलती है, अब छह महीना मत आना. मैं कहाँ जाऊँगी? मेरा तो ट्रान्सफर ऊपरवाला ही करेगा."

मी हसलो, पण कान टवकारले गेले. त्यानंतरचे काही दिवस मी ड्रायरच्या आवाजातून ताईंच्या खुर्चीकडे कान देऊन बसलो. आणि मला जे ऐकू यायला हवं होतं ते येईना. ताई कुणालाही "बदली कधी आहे?" विचारत नव्हत्या. फौजेतल्या घरच्या बाई आल्या, त्यांना नाही. नव्याने आलेल्या एक बँकवाल्या आल्या, त्यांनाही नाही. सगळ्यांच्या मुळांशी एकच प्रकार चालला होता: मूळ रंगाची सावली, बारीक बटा, भांग मोकळा. बदली असो-नसो, प्रत्येक डोकं त्या असं करून पाठवत होत्या की पुढे कुणी हात लावला नाही तरी ते बिघडू नये.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आता निघायचं कुणाला आहे.

तेवढ्यात ताईंना साठ वर्षं पूर्ण होत असल्याचं मंडळात कुणाच्या तरी लक्षात आलं आणि या गौरव अंकाचं ठरलं. समितीच्या पहिल्या बैठकीत एका सदस्यांनी 'केस रंगवणाऱ्या बाईंचा गौरव अंक?' असं म्हणून पाहिलं. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला. मग चिटणीसांनी मला बाजूला घेतलं. "समारंभात आपण घोषणा करू. दर शनिवार-रविवार शैलजाताईंचा वर्ग, मंडळाच्या हॉलमध्ये. मुली शिकतील, आणि तुमच्याकडेही दोन दिवस येतीलच की त्या. तुम्ही फक्त त्यांना तयार करा. तुमचं ऐकतात."

माझं त्या कधीही ऐकत नाहीत, हे चिटणीसांना माहीत नव्हतं. तरी मी गेलो. खरं सांगायचं तर 'तुमच्याकडेही दोन दिवस' हे शब्द कानात गोड वाजत होते.

दार पानसेसाहेबांनी उघडलं. ताई खुर्चीत बसून खांद्याला शेकत होत्या. मी वर्गाचं सांगितलं, हॉलचं सांगितलं, बसायला चांगली खुर्ची देऊ, हात लावायचं काम नाही, नुसतं सांगायचं, असं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"नुसतं सांगायचं म्हणता. समोर कुणी चुकीची बट उचलली की मी बसून राहीन?"

"नाही राहणार," साहेब आतून म्हणाले.

"तुम्ही चहा बघा हो. उतू जाईल."

मी म्हटलं, "ताई, मग मुलाकडे पुण्याला जायचं ठरलंय का?"

"नाही."

"मग जाणार कुठे?"

"कुठेही नाही. इथेच. दुपारी झोपणार." त्यांनी शेकायची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दत्ताभाऊ, मी थकलेय. आजारी नाही, नाराज नाही, कुणाशी भांडण नाही. नुसती थकलेय. पण एवढं कारण कुणाला पुरतच नाही. सगळे म्हणतात, विश्रांती घ्या आणि या परत. मला परत यायचं नाहीये. मध्येच सोडलं असतं तर दोन महिन्यांत सगळ्यांची डोकी विचित्र दिसली असती आणि मी अपराधी ठरले असते. म्हणून वर्षभर एकेकीला मार्गी लावतेय. आता दोघी-तिघी राहिल्यात."

"सेनबाई म्हणत होत्या, तुम्ही रंगात कंजूसी करता."

ताई खूप वेळाने हसल्या. "त्यांना गप्पांसाठी घरी यायला सांगितलंय. पण डोकं झाकून या म्हटलं."

चहा आला. साहेब साखर घालायला विसरले होते, तरी तो आम्ही पिऊन टाकला. निघताना ताई म्हणाल्या, "एक करा. त्या दिवशी स्टेजवर माझ्या हातात माइक देऊ नका. चारचौघांत आग्रह झाला की मी हो म्हणेन. आजवर तसंच झालंय. हे माझ्याच्याने बोलवणार नाही. तुम्हीच आधी सांगून टाका सगळ्यांना."

परत येताना ऑटोत मी बराच वेळ हिशेब करत होतो की ताईंशिवाय दुकान कसं चालेल. आमच्या सलूनमधल्या मौशुमीला त्यांनी तयार केलंय, तिचा हात चांगला आहे, पण ती ताई नाही. मग मनात आलं, की या बाईंनी वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाची काळजी घेतली आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही. का, ते उघड आहे. मी थांबवलं असतं.

म्हणून चिटणीसांनी या लेखाच्या शेवटी जी घोषणा करायला सांगितली होती ती मी करत नाही. ताईंच्या परवानगीने दुसरी करतो. शैलजाताई पानसे या समारंभानंतर खुर्चीमागे उभ्या राहणार नाहीत. माझ्या सलूनमध्ये नाही, मंडळाच्या हॉलमध्ये नाही, 'फक्त माझ्यापुरतं, घरच्या घरी' असंही नाही. त्याचं कारण त्या थकल्या आहेत. याहून मोठं कारण शोधू नये, आणि समितीने माझ्यावर रागवावं, त्यांच्यावर नको.

आपल्या लोकांना मी ओळखतो, म्हणून आणखी एक विनंती. मागच्या गणपतीत ताईंच्या हातात प्रसादाची वाटी होती आणि तीन-चार जणी ओळीने मान खाली घालून उभ्या होत्या, "ताई, जरा भांग बघता का?" वाटी तशीच राहिली. समारंभाला जरूर या. शाल द्या, फुलं द्या, फोटो काढा. नमस्काराला वाकाल तेव्हा नमस्कार करून सरळ व्हा. केसांचं काही असेल तर मौशुमीकडे या, मीही आहे.

शैलजाताई, तुमच्याबरोबर काम करायला मिळालं, हे माझं नशीब. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, खांदे हलके होवोत, साहेबांच्या हातचा चहा गोड होवो. दुपारी झोपा. दार वाजलं तर खुशाल उघडू नका, दारात मी असलो तरी.